ओरा पोपो म्हणण्यास मनाई

बू रोतुआ पांगाबेआन यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांत साधारण अर्ध्या किलोमीटरचं अंतर होतं. मी कालव्याच्या पुलावर सायकल पंक्चर होऊन उभा होतो आणि त्या बाजारामागच्या दुकानात बसून एका गिऱ्हाइकाला विचारत होत्या, "पाण्यात पडला होता की नाही, एवढंच सांगा." प्रश्न त्या गिऱ्हाइकाला होता. पण कालव्यात म्हैस धुणाऱ्या माणसाने दचकून "नाही" म्हटलं, शेतातले बगळे एकदम उठले, म्हशीने मान खाली घातली, आणि ज्याचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता अशा मी मनातल्या मनात माफी मागून टाकली. शपथेवर सांगतो, सायकलच्या दुसऱ्या चाकातली हवासुद्धा त्याच क्षणी गेली.

आवाजाचा माग काढत मी दुकानात पोचलो. वाटलं होतं, पैलवान बाई असेल. पाहतो तर जेमतेम पावणेपाच फुटांची, नाकावर दोन चष्मे एकावर एक, हातात टूथब्रश. त्या टूथब्रशाने त्या एका लॅपटॉपचे दात घासत होत्या.

हे सगळं आमच्या कारांगसोनोत घडत होतं म्हणून एवढं नवल. आम्ही मध्य जावातली माणसं, बाईच्या नावाआधी 'बू' आणि पुरुषाच्या नावाआधी 'पाक' लावून अदबीने बोलणारी. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आधी त्याचं जेवण झालं का ते विचारतात, मग मुलाबाळांची चौकशी करतात, आणि निघता निघता जरा धूर दिसतोय असं सुचवतात. तो शेजारीही म्हणतो, "ओरा पोपो." म्हणजे काही नाही हो, चालायचंच. पायावर दगड पडला, ओरा पोपो. पाहुण्याने नवी खुर्ची मोडली, ओरा पोपो. या दोन शब्दांवर आमची आख्खी संस्कृती उभी आहे, आणि बू रोतुआंच्या दुकानात भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत पाटी होती: इथे 'ओरा पोपो' म्हणण्यास मनाई आहे. त्याखाली बारीक अक्षरांत: 'मातोत' म्हणायलासुद्धा.

मातोत हे 'पूर्ण मेला' याचं लाडकं लघुरूप. बटण दाबलं, दिवा लागला नाही, की आमची माणसं लॅपटॉपला मातोत ठरवून मोकळी होतात. या शब्दाने बू रोतुआंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तुम्ही डॉक्टर आहात का?" त्या विचारायच्या. "नाही ना? मग मेला हे कोणी सांगितलं? आजारी आहे म्हणा आणि खुर्चीवर बसा."

बाई मूळच्या सुमात्राच्या, तोबा सरोवराकाठच्या. तिकडे माणसं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या भावाला हाका मारून बोलतात, असं त्या स्वतःच सांगायच्या. वडील नावाड्यांचे रेडिओ दुरुस्त करायचे. ही पोर त्यांच्या मांडीवर बसून तारा सोलायला शिकली. पुढे सूतगिरणीतला आमचाच एक मेकॅनिक, पाक सुयात, कामानिमित्त तिकडे गेला आणि लग्न करून हिला घेऊन आला. लग्नाआधी तिने त्याला स्पष्ट विचारलं होतं, "मी आवडते का?" तो म्हणाला, "ओरा पोपो." चौदा वर्षं झाली, त्या उत्तराचा नेमका अर्थ काय, हा वाद त्या घरात अजून मिटलेला नाही.

त्यांच्या पावती-वहीत दोन रकाने होते. पहिल्याचं नाव 'कसं बिघडलं'. दुसऱ्याचं 'खरं कसं बिघडलं'. पहिला गिऱ्हाईक आल्या आल्या भरायचा. दुसरा भरायला कधी तास लागायचा, कधी आठवडा. एका मास्तरांनी पहिल्यात लिहिलं होतं, 'आपोआप'. दुसऱ्यात बू रोतुआंच्या अक्षरात होतं, 'वरून मोटरसायकल गेली'.

तर ऑगस्टातल्या एका सोमवारी मी आमच्या आळीचा लॅपटॉप काखेत मारून त्यांच्याकडे गेलो. मी आळीचा सचिव. बेचाळीस घरं, एक लॅपटॉप, वय वर्षं तेरा. सोबत म्बाह कार्सिनेम होत्या. या आमच्या आळीतल्या आजीबाई, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि सरकारी नोंदीप्रमाणे चार वर्षांपूर्वी वारलेल्या.

वारली होती त्यांची बहीण कार्सियेम. कोणा एका कारकुनाने एका अक्षराच्या अंतरावरची चुकीची बहीण खोडली. तेव्हापासून म्बाहना ना दवाखान्याचं कार्ड, ना धान्य. जवळच्या शहरात सप्टेंबरअखेर मोतीबिंदूचं शिबिर होतं. तिथे कार्डाशिवाय हात लावत नव्हते, आणि मेलेल्या माणसाला कार्ड मिळत नाही. म्हणून मी तीन शेजाऱ्यांच्या साक्षी टाइप केल्या, सह्या घेतल्या, त्या साक्षी आणि म्बाहच्या लग्नाच्या पुस्तिकेची पानं स्कॅन केली, आणि सगळे मूळ कागद कचेरीत नेऊन दिले. कचेरीने ते हरवले. हरवले असं कोणी म्हणालं नाही अर्थात. "सापडण्याच्या मार्गावर आहेत," असं म्हणाले. मग गुरुवारपर्यंत पुन्हा द्या, नाहीतर प्रकरण बंद, असं पत्र आलं. तीन साक्षीदारांपैकी दोघे दरम्यान वारले होते, आणि हे दोघे खरोखरचे. सह्या केलेल्या साक्षी, पुस्तिकेची पानं, आता जे काही होतं ते या लॅपटॉपच्या पोटात होतं. आणि लॅपटॉप सुरू होत नव्हता.

"काय झालं?" बू रोतुआंनी विचारलं.

"जरासा थकलाय," मी म्हणालो.

"चालून आला का? कसं झालं ते विचारतेय."

"तसं काही नाही. मध्यंतरीपर्यंत छान होता."

"आणि मध्यंतरी काय केलंत?"

"काही विशेष नाही हो. ओरा..."

त्यांनी न बघता बोट भिंतीकडे केलं. पहिल्या रकान्यात मी लिहिलं, 'वयोमानाने'.

म्बाहचे कागद आत आहेत हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग सोपं आहे. डिस्क काढून माझ्या मशीनला लावते." लावली. उघडेना. माझ्या आधीच्या सचिवांनी डिस्कला असं कुलूप घालून ठेवलं होतं की ती फक्त याच लॅपटॉपात उघडावी. आळीच्या पहाऱ्याच्या पाळ्या शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून असेल.

"म्हणजे हाच उठवायला हवा," त्या म्हणाल्या आणि चार्जरला मीटर लावला. काटा बघून त्यांनी वरचा चष्मा काढला. "हा बारा व्होल्टचा आहे. याला एकोणीस लागतात. टोकाला टेप गुंडाळलीय. हा लॅपटॉपचा चार्जरच नव्हे. कोणाचा आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं. लॅपटॉप शेवटी आळीतल्या बू वेनिंगकडून आला होता, तळलेल्या तेम्पेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या, ताटलीसकट. बू वेनिंगना फोन केला. त्या दहा मिनिटांत आल्या, पुन्हा एक ताटली घेऊन.

"कॅराओकेच्या पेटीचा आहे तो," बू वेनिंग खालमानेने म्हणाल्या. "मूळचा उंदराने कुरतडला. लॅपटॉप नुसताच परत पाठवणं बरं दिसलं नसतं. म्हणून घरातला दिला."

"आणि तुमच्याकडे लॅपटॉप सुरू होत होता?"

"नाही ना."

"मग सांगितलं का नाहीत?"

"पाक हार्जितोंनी इतक्या आपुलकीने आणून दिला होता. बंद आहे म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी त्यांच्यावर ठपका ठेवतेय."

"मग स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धांची यादी?" हे मी विचारलं, कारण त्या यादीबद्दल मी सभेत त्यांचं आणि आधुनिक यंत्रयुगाचं कौतुक केलं होतं.

"हाताने लिहिली. छापल्यासारखं अक्षर काढलं. रात्री दोन वाजले."

बू रोतुआंनी छताकडे पाहिलं. मग बॅटरी काढली; ती सणाच्या जेवणानंतरच्या पोटासारखी फुगली होती, ती त्यांनी बाहेर अंगणात वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली. बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. "अंगातली उरलीसुरली वीज आधी उतरू दे." मग खणातला बरोबर व्होल्टचा चार्जर लावला. दिवा लागला. मी हात जोडले. पंखा दोन सेकंद घरघरला आणि थांबला. पुन्हा घरघरला, पुन्हा थांबला.

त्यांनी पाठीमागचं झाकण उघडलं. चिमूटभर मेलेल्या मुंग्या टेबलावर पडल्या. आत एक रिकामी फट होती.

"याची मेमरी कुठे आहे?" बू रोतुआ ओरडल्या.

"माझी?" म्बाह दचकून म्हणाल्या. "आहे की अजून थोडीफार."

पाक हार्जितोंना बोलावणं गेलं. पाटबंधारे खात्यातले निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा बाटिक शर्ट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात रुमाल, रुमालात कापूस, कापसात मेमरीची हिरवी पट्टी.

"साफ करताना उरली," ते म्हणाले.

"उरली? लॅपटॉप म्हणजे काय झबलं शिवताय, चिंधी उरायला?"

"पाळ्यांचा तक्ता करायला आणला होता. आतून मुंग्या येत होत्या म्हणून उघडला. सगळं जसंच्या तसं परत लावलं. ही एक राहिली. म्हटलं जादाची असेल. पण टाकली नाही हं, जपून ठेवली."

"आणि त्यानंतर सुरू झाला नाही."

"तसा नाही झाला."

"तरी बू वेनिंगना नेऊन दिलात."

"त्यांना यादी करायची होती. मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?"

बू वेनिंग हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." पाक हार्जितोंनी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं, त्यांनी तेम्पेची ताटली पुढे केली, आणि दोघांनी एकमेकांना इतक्या सुंदर रीतीने माफ केलं की माझेही डोळे पाणावले असते, जर पुढचा प्रश्न आला नसता.

"लॅपटॉपात मुंग्या का आल्या?"

पाक हार्जितोंनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. बाहेर एक रिक्षावाला दुकानासमोरून पॅडल न मारता गेला.

बू रोतुआंनी पट्टीची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, पट्टी फटीत दाबून बसवली. या वेळी पंखा सुरू राहिला. पण स्क्रीन काळा आणि आतून एकच अखंड कर्कश सूर, कोणीतरी कळ दाबून धरल्यासारखा. त्यांनी ताबडतोब तार उपटली, कीबोर्ड उचकटला, त्याखालचं तपकिरी चिकट नखाने खरवडून नाकाशी नेलं.

"आलं," त्या म्हणाल्या. "आणि ताडाचा गूळ. चहा नाही, कॉफी नाही. कोणी सांडलं?"

मी पाक हार्जितोंकडे पाहिलं. पाक हार्जितोंनी बू वेनिंगकडे पाहिलं. बू वेनिंगनी तेम्पेकडे.

"हे बघा," बू रोतुआ म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला, त्याने मला जास्त भीती वाटली. "थेंब दोन थेंब असेल तर कीबोर्ड बाजूला काढून आत्ता सुरू करते. पेलाभर असेल तर खालच्या मुख्य पाटीपर्यंत, म्हणजे मदरबोर्डपर्यंत, पोचलंय. मग पुन्हा वीज सोडली तर पाटी जळेल, पाटीबरोबर त्या कुलपाची किल्ली जाईल, आणि या बाई मेलेल्याच राहतील. पेलाभर असेल तर सगळं उकलून धुऊन वाळवायला हवं, त्याला बुधवार उजाडेल. तेव्हा कोणी ते राहू द्या. किती, ते सांगा."

"माझंच ते," म्बाह कार्सिनेम म्हणाल्या. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, पदराआड हात घेऊन बसल्या होत्या. "माझ्या घरी बसून पाक सचिव माझंच लिहीत होते. मी आल्याचं पाणी केलं होतं. मला नीट दिसत नाही. माझा धक्का लागला. दोनच थेंब पडले."

दोन थेंब हे माझे शब्द होते. महिन्यापूर्वी, त्यांच्या ओसरीवर, मी हात उडवून गोष्ट सांगताना कोपराने तो पेला आडवा केला होता, त्या चाहूल लागून "काय झालं?" म्हणाल्या, आणि मी म्हणालो, "ओरा पोपो, म्बाह, दोन थेंब." त्यांना दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. आख्खा पेला कसा वाजतो ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कळत नाही का? आता चारचौघांत सचिवाची लाज राखायला ती बाई माझा धक्का आणि माझे थेंब स्वतःच्या अंगावर घेत होती. आणि बू रोतुआंचा हात तारेकडे गेला होता.

"पेला," मी म्हणालो.

"किती?"

"भरलेला. मोठा. माझ्या कोपराने."

"मग काय केलंत?"

"पालथा करून रुमालाने पुसला. आणि लगेच सुरू केला. दोन दिवस चालला, कळा चिकटत होत्या. तेवढ्यात पाक हार्जितोंनी मागितला."

"कशाला हो, पाक सचिव," म्बाह पुटपुटल्या.

त्यानंतर बू रोतुआ जे बोलल्या ते बाजारात सगळ्यांनी ऐकलं, त्यामुळे मी त्यात फेरफार करू शकत नाही. "तुम्ही चौघं," त्या म्हणाल्या, "चौघंही देवमाणसं आहात, आणि तुमच्यातल्या तिघांनी मिळून एक चांगलं यंत्र मरणाच्या दारात नेऊन ठेवलंत. एकाने भिजवलं, एकाने मेंदू काढून डब्यात ठेवला, एकीने भलतीच वीज पाजली, आणि प्रत्येकाने पुढच्याच्या हाती देताना हसून ताटली दिली. आणि म्बाह, तुम्ही. चार वर्षांपूर्वी कचेरीच्या त्या खिडकीवर तुम्हाला सांगितलं की तुम्ही मेलात, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"हेच म्हणालात ना? त्यांनाही तेच हवं होतं. चूक त्यांची, आणि सांत्वन तुम्ही करताय त्यांचं. जिवंत बाईला सांगतात मेलीस, आणि ती म्हणते काही हरकत नाही? माझ्या दुकानात मी कॅल्क्युलेटरलासुद्धा उघडून बघितल्याशिवाय मेला म्हणत नाही."

त्यांनी वहीचा दुसरा रकाना भरला: 'आल्याचं पाणी, एक पेला, सचिव.' माझी सही घेतली. ती आजही तिथे आहे, कोणालाही बघता येते आणि पुष्कळ जण बघून जातात.

तेव्हापासून बुधवार दुपारपर्यंत मी त्या दुकानात उंबऱ्यापाशी बसून होतो. एक एक स्क्रू कागदावर चिकटवून ठेवला होता, कुठला कुठला ते लिहून. मुख्य पाटी त्यांनी स्पिरिटने आणि त्याच टूथब्रशाने धुतली, पंख्यासमोर वाळवली, भिंगाखाली धरून एकेक टाका बघितला. मला चीड येत होती. आधी स्वतःची आली, पण ती फार वेळ पुरली नाही. मग त्या कचेरीची आली, आणि ती अजून पुरतेय. माझ्या एका पेल्यासाठी मी सही केली. म्बाहना खोडणाऱ्याने कुठल्या रकान्यात सही केली होती?

बुधवारी तीन वाजता बाहेरचा कीबोर्ड जोडून त्यांनी बटण दाबलं. दिवा, पंखा, आणि मग स्क्रीनवर पांढरी अक्षरं. मी पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा फाइल उघडली. साक्षी होत्या, सह्या होत्या, लग्नाच्या पुस्तिकेवर वीस वर्षांच्या म्बाह होत्या, अंबाड्यात फूल.

"आल्या का?" म्बाहनी विचारलं.

"आल्या," बू रोतुआ म्हणाल्या. "आणि छान दिसताय." मग त्यांनी त्या फाइली तीन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, एक मला दिला, एक म्बाहच्या कनवटीला खोचला, एक स्वतःच्या गळ्यात घातला, आणि म्हणाल्या, "उद्या मी येतेय."

गुरुवारी दुकान बंद ठेवून त्या आमच्याबरोबर कचेरीत आल्या. खिडकीवरच्या तरुणाने कागद चाळले. फार नम्र होता, त्याने आम्हाला बसायला सांगितलं, म्बाहना पाणी दिलं. मग म्हणाला, "सगळं व्यवस्थित आहे. फक्त अर्जावर मृत व्यक्तीची सही राहिलीय."

"ती बघा समोर पाणी पितेय," बू रोतुआ म्हणाल्या.

"हो, पण साहेब बाहेर गेलेत. सोमवारी आलात तर बरं होईल."

माझ्या तोंडात ते दोन शब्द तयार होते, खोटं कशाला सांगू. म्बाहच्याही ओठांवर आले होते. पण बू रोतुआंनी श्वास घेतला, आणि पुढचं मी फक्त परिणामांवरून सांगू शकतो. वरच्या मजल्यावरून बाहेर गेलेले साहेब खाली आले. मागोमाग आणखी दोन साहेब आले, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. म्बाहचा अंगठा घेतला गेला, सही घेतली गेली, अर्जावर तारखेचा शिक्का बसला आणि पोच हातात मिळाली. साहेब म्हणाले, नोंद आता लवकरच दुरुस्त होईल. म्बाहनी त्यांच्याकडे वळून, माझ्या बेचाळीस घरांच्या कारकिर्दीत मी प्रथमच ऐकलं असं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "लवकर म्हणजे कधी?"

साहेबांनी नियमात बघून सांगतो म्हटलं.

म्बाह कार्सिनेम यांची नोंद एकोणीस नोव्हेंबरला दुरुस्त झाली. डोळ्यांचं शिबिर अठ्ठावीस सप्टेंबरला होऊन गेलं होतं.